रीडिंग घेतलं की नुसतं भरलं?

पत्र: मी सांगली जिल्ह्यातल्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना 'इंडस्ट्री रेडी' करायचं काम प्राचार्यांनी यंदा माझ्याकडे दिलंय. आठवड्याला दोन तास मिळतात, पैसे मात्र काहीच नाहीत. आतापर्यंत बाहेरून ट्रेनर यायचे. टाय कसा बांधायचा, ग्रुप डिस्कशनमध्ये कसं बोलायचं, हे सांगून जायचे. आमची मुलं ऊसवाल्यांची, साखर कारखान्यातल्या कामगारांची, छोट्या दुकानदारांची. इंग्रजी म्हटलं की गप्प होतात. गेल्या वर्षी सहाजण चाकणला लागले आणि दिवाळीआधी त्यातले चौघे घरी परत आले. तिघे म्हणाले, परवडत नाही. चौथ्याला तपासणीच्या रिपोर्टात खोटं रीडिंग लिहिलं म्हणून काढून टाकलं. तो माझ्या वर्गातला शांत, प्रामाणिक मुलगा होता. या मुलांना आम्ही नेमकं काय शिकवायला हवं होतं? आणि त्याला आता मी काय सांगू? — एक वर्गशिक्षक

उत्तर:

सर,

तुम्ही त्या मुलाला प्रामाणिक म्हणता आणि मला ते पटतं. त्याने चाकणला वेगळं काहीच केलं नाही. चार वर्षं कॉलेजात जे केलं, ज्यावर प्रत्येक सत्रात कुणी ना कुणी लाल पेनाने सही केली, तेच त्याने तिथे केलं. तिथे तो कागद कुणीतरी खरंच वाचला, एवढंच.

जर्नल, म्हणजे प्रयोगवही, कसं भरतात ते मी तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी सांगते. व्हेंच्युरीमीटरचा, म्हणजे नळीतून किती पाणी वाहतं ते मोजायचा, प्रयोग घ्या. पाच जणांचा गट. एक जण स्टॉपवॉच धरतो, एक मॅनोमीटरवर दाबातला फरक बघतो, उरलेले तिघे मोबाईल बघतात. आकडेमोड केली की सीडी, म्हणजे खरा प्रवाह आणि सूत्राने येणारा प्रवाह यांचं गुणोत्तर, येतो 1.08. तो एकच्या वर जायला नको हे सगळ्यांना माहीत असतं. मग मागच्या बॅचच्या जर्नलमधून 0.97 आणायचा आणि त्याला शोभतील अशी रीडिंग उलटी काढत जायची. हे उलटं गणित मुलं इतक्या हुशारीने करतात की तेवढ्या वेळात प्रयोग दोनदा करून झाला असता. खरं शिक्षण त्या 1.08 मध्येच होतं. नळीत हवा अडकली होती का? टाकी भरायला लागल्यावर स्टॉपवॉच उशिरा दाबलं का? थ्रोटचा, म्हणजे नळीच्या अरुंद भागाचा, व्यास कुठून घेतला, मोजला की तक्त्यावरचा उतरवला? यातला एकही प्रश्न कुणी विचारत नाही, कारण 0.97 ला दहापैकी नऊ मिळतात आणि 1.08 ला 'रिपीट'.

ड्रॉइंगच्या शीटचीही तीच कथा. काचेखाली बल्ब लावून मित्राची शीट उतरवायची ही कला 'जीटी' या नावाने किती बॅचेस चालत आली. आता कॅड आलं तर फाइल कॉपी करून टायटल ब्लॉकमधलं नाव बदलायचं. प्रोजेक्ट तर तयार मिळतो, पैसे दिले की रिपोर्टाच्या तीन बाइंड केलेल्या प्रतींसकट.

आता जरा कटू बोलते, राग मानू नका. तुमच्याकडे एनबीएची (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) तपासणी झाली असेल किंवा व्हायची असेल. देशोदेशींच्या इंजिनिअरिंग पदव्या एकमेकांना मान्य करणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत 2014 साली कायम सदस्य झाला, त्या सुमारापासून पदवीधराला काय काय यायला हवं हे सांगणाऱ्या बारा निष्पत्तींची यादी कॉलेजांत भिंतीवर लागली. त्या यादीत आठव्या क्रमांकावर नीतिमत्ता होती, दहाव्यावर संवाद. या निष्पत्ती मुलांमध्ये किती उतरल्या याचे आकडे सीओ-पीओ मॅपिंगच्या (विषयांची उद्दिष्टं या निष्पत्तींशी जोडणाऱ्या) तक्त्यात कोण भरतं आणि कसं भरतं? तीनपैकी 2.1 असावं की 2.4, हे कुठल्या मोजमापावरून ठरतं? मी ज्या ज्या प्राध्यापकांना हे विचारलं ते हसले. मुलं ते हसू चार वर्षं बघत असतात.

माझी उमेदीची सगळी वर्षं पुण्याच्या पट्ट्यात क्वालिटीत गेली, पुरवठादारांकडे जाऊन त्यांचे तपासणीचे कागद बघण्यात. त्यामुळे त्या मुलाचं नेमकं काय झालं असेल याचा अंदाज बांधता येतो. मशीनवरून दर तासाला पाच पीस तपासायला काढायचे, बोअर (मधल्या भोकाचा व्यास) मोजायचा, तक्त्यात लिहायचा. अकराच्या तासाला गेज (मोजायचं साधन) दुसऱ्या लाईनवर गेलेला असतो, किंवा सुपरवायझर वेगळ्याच कामाला पिटाळतो. बारा वाजता तक्त्यात पाच रिकामे चौकोन दिसतात. मागच्या तासाचे आकडे समोरच असतात. मुलगा त्यांत शेवटचा अंक थोडा इकडेतिकडे करून ते भरतो. यात त्याला खोटेपणा वाटतच नाही. त्याच्या लेखी ते 'कम्प्लीट करणं' असतं, सबमिशनच्या आदल्या रात्रीसारखं.

पण त्या तासात मशीनचं कापणारं टूल झिजलेलं असू शकतं. बोअर मोठा होत जातो, तक्त्यात मात्र सगळं छान असतं. लॉट ग्राहकाकडे जातो, असेंब्लीत बेअरिंग सैल बसतं, लाईन थांबते. मग तुमच्याच माणसांनी ग्राहकाच्या गोदामात रात्रभर बसून हजारो पीस एकेक करून निवडायचे. दुसऱ्या दिवशी 8डी रिपोर्ट, म्हणजे चूक कशी झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं याचा अहवाल. त्यात सगळ्यांत आधी मागवतात तो हाच तक्ता. तो नुसता बघूनही कळतं हो! खरी रीडिंग इतकी शहाण्यासारखी कधी वागत नाहीत. ती थोडी वेडीवाकडी असतात, एखादं उगाच बाजूला गेलेलं असतं. सलग पाच चौकोनांत 25.01, 25.02, 25.01, 25.02, 25.01 दिसलं की मी आधी मशीनकडे नाही, लिहिणाऱ्याकडे बघायची.

आणि हे आपल्याच पोरांचं पाप आहे असं समजू नका. 2017 मध्ये जपानच्या कोबे स्टीलने कबूल केलं की ॲल्युमिनियम आणि तांब्याच्या मालाचे तपासणीचे आकडे त्यांच्याकडे बदलले जात होते. पाचशेहून जास्त ग्राहक कंपन्यांपर्यंत तो माल पोचलेला होता. त्यात मोटारी होत्या, रेल्वे होत्या, विमानं होती. तिथे इंग्रजीचा, टायचा किंवा पर्सनॅलिटीचा प्रश्न नव्हता. मोजलेला आकडा आणि हवा असलेला आकडा यांत दुसरा निवडायची सवय होती.

म्हणून माझं म्हणणं एकच. हातात दोन तास आहेत, तर मुलांना खरं रीडिंग घ्यायला आणि ते नावडतं असलं तरी वेळेवर सांगायला शिकवा. बाकीचं बरंचसं त्याच्या मागोमाग येतं.

सुरुवात वर्कशॉपपासून करा. लेथवर मुलांनीच टर्न केलेले 25 मिलीमीटरचे दहा जॉब घ्या आणि त्यांवर एक ते दहा नंबर टाका. तीन मुलं उभी करा, एक व्हर्नियर द्या. व्हर्नियर द्यायच्या आधी जबडे बंद करून शून्य जुळतंय का ते सगळ्यांसमोर बघा; अनेक कॉलेजांच्या लॅबमधल्या व्हर्नियरचं ते जुळत नाही आणि ही गोष्ट वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात आलेली नसते. आता प्रत्येकाने दहाही जॉब मोजायचे. नंतर जॉबांचा क्रम बदलून पुन्हा मोजायचे, आधीचे आकडे न बघता. मोजणारा आकडा कुजबुजेल, चौथा मुलगा लिहून घेईल. मग सगळं फळ्यावर मांडा.

वर्गात हशा पिकेल. एकाच मुलाने एकाच जॉबची दोनदा घेतलेली मापं जुळणार नाहीत. 0.02 चा लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) असलेल्या व्हर्नियरवर कुणी 25.03 वाचलेलं असेल. तसा आकडा त्या व्हर्नियरवर येऊच कसा शकतो, हे त्यालाच विचारा. मग सांगा की कारखान्यात याला गेज आर अँड आर म्हणतात आणि गाड्यांच्या धंद्यात त्याचे आकडे ठरलेले आहेत. मोजण्यातलाच गोंधळ 10 टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, 10 ते 30 असेल तर काम बघून चालवून घ्यायची, 30 च्या वर गेला तर त्या मापावर विसंबायचं नाही. तुमच्या वर्गाचा आकडा बहुधा 30 च्या पुष्कळ वर जाईल. जाऊ द्या. कुणालाही रागावू नका. पुढच्या आठवड्यात मायक्रोमीटर घेऊन हेच पुन्हा करा. रॅचेट (ठरावीक दाबानंतर घसरणारी मूठ) न वापरता जोर लावून आवळणारे हात आपोआप सापडतील. तिसऱ्या आठवड्यात जॉब तुम्ही निवडा आणि त्यात एक मुद्दाम टेपर असलेला, म्हणजे एका टोकाला निमुळता, ठेवा. कुणी एकाच टोकाला मोजलं आणि कुणी दोन्ही टोकांना, ते दिसेल. यावर अख्खा महिना गेला तरी तो वाया गेला असं समजू नका.

याबरोबर जर्नलचा नियम बदला, निदान तुमच्या हातात असलेल्या एका विषयापुरता. रीडिंग मशीनपाशीच, पेनाने, तारीख घालून. खाडाखोड करायची तर एकच आडवी रेघ, खालचा आकडा दिसला पाहिजे आणि शेजारी सही. व्हाइटनर बंद. कारखान्यातही हाच नियम असतो, व्हाइटनर दिसला की ऑडिटर कागद बाजूला काढतो. उत्तर विचित्र आलं तर पूर्ण गुण, अट एवढीच की ते विचित्र का आलं असावं याबद्दल चार ओळी लिहायच्या. आणि पाच जणांच्या गटातल्या पाचही जर्नलांत तंतोतंत तेच वाक्य आलं तर पाचही परत.

तुम्ही म्हणाल, ओरलला एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचा परीक्षक, आला की तो 1.08 बघून मुलाला झोडपेल. काही जण झोडपतीलही. पण तुम्ही आदल्या दिवशी त्यांना दोन वाक्यांत कल्पना दिलीत की आम्ही मूळ रीडिंग ठेवतो, कारणासकट, तर बहुतेकांना ते आवडतं. कंटाळवाण्या ओरलमध्ये एक तरी विचारण्यासारखी गोष्ट मिळते.

दुसरी गोष्ट नावडतं सांगण्याची. आपल्याकडे मुलांना वरिष्ठांशी बोलायला एकच वाक्य येतं: "हो सर, होतंय." काम झालेलं नसलं तरी होतंय, बिघडलेलं असलं तरी होतंय. घरी वडिलांशी तसंच, कॉलेजात सरांशी तसंच. कारखान्यात या तीन शब्दांनी जेवढं नुकसान होतं तेवढं मशीन मोडल्याने होत नाही, कारण मशीन मोडलेलं निदान दिसतं. यासाठी वर्गात दर तासाला लिहायचा सराव द्या. अकराचं रीडिंग राहिलं तर साहेबाला काय कळवायचं? असं: "सर, 2 नंबर मशीनचं अकराचं रीडिंग घेतलेलं नाही, गेज सापडत नव्हता. त्या तासातले 40 पीस वेगळे काढून लाल टॅग लावलाय. गेज साडेबाराला मिळेल, मग सगळे तपासतो. तोवर मशीन चालू ठेवू का?" काय झालं, मी काय केलं, आता काय हवंय. माफी नाही, कहाणी नाही, दुसऱ्याचं नाव पुढे करणं नाही. त्या मुलाने हे चार ओळींचं व्हॉट्सॲप पाठवलं असतं तर त्याला दोन शिव्या बसल्या असत्या आणि नोकरी राहिली असती.

हेच चार ओळींचं इंग्रजीत लिहायला लावा. इंग्रजीबद्दल मला एवढंच म्हणायचंय. शॉपफ्लोरवर मराठी आणि हिंदी चालते, मेल इंग्रजीत जाते, ड्रॉइंगवरच्या टिपा इंग्रजीत असतात. म्हणजे मुलांना लागतं ते छोटं, रोजच्या कामाचं, लिहायचं इंग्रजी. क्रियापदाचा काळ चुकला तरी चालेल, मशीनचा नंबर चुकायला नको. उच्चारांवर आणि 'ॲक्सेंट'वर पैसे घेणाऱ्या ट्रेनरला यंदा सुट्टी द्या.

तिसरी गोष्ट माणसांची. नवा इंजिनिअर लाईनवर जातो तेव्हा मशीनवर त्याच्या वडिलांच्या वयाचा, आयटीआय केलेला माणूस असतो. माझ्या पाहण्यातला एक मुलगा पहिल्याच दिवशी स्टॉपवॉच घेऊन अशा एका मामांच्या मागे उभा राहिला. ना नमस्कार, ना कशासाठी आलोय ते सांगणं. मामांनी सावकाश, अगदी पुस्तकातल्यासारखं काम करून दाखवलं. पोराने सायकल टाइम (एका पीसला लागणारा वेळ) लिहून नेला, त्यावरून हिशेब मांडला, आणि तो हिशेब महिनाभर कुणालाच जुळेना. तेच मामा नुसत्या आवाजावरून टूल बदलायला झालंय हे ओळखायचे. विचारलं असतं तर सांगितलं असतं. ऑपरेटरला मामा म्हणा, काका म्हणा, दादा म्हणा, बाहेरगावहून आलेला असला तर भैया म्हणा, पण आधी नाव विचारा आणि चहाच्या वेळी त्यांच्या बाकावर बसा. डिग्रीचा ताठा हा बहुतेक वेळा भीतीचाच असतो, आणि ऑपरेटरला तो पहिल्या मिनिटाला कळतो.

इथे तुमच्या मुलांकडे एक मोठी ठेव आहे. ज्यांचे वडील साखर कारखान्यात फिटर किंवा टर्नर आहेत त्यांना घरातच असा माणूस मिळालाय. गळीत संपलं की मार्च-एप्रिलनंतर कारखान्यात मिल उघडतात, रोलर बाहेर काढतात, बेअरिंग बघतात, पंप खोलतात. शेवटचं सत्र नेमकं तेव्हाच चालू असतं. दोघा-दोघांच्या जोड्या पाठवा. प्रोजेक्ट विकत आणण्यापेक्षा रोलरच्या खाचा हंगामात किती झिजल्या ते मोजून आणणं, एखादा पंप दर वर्षी त्याच जागी का गळतो याचा माग काढणं, हे कितीतरी भारी काम आहे. चीफ इंजिनिअरला आधी भेटून परवानगी घ्या, हेल्मेट आणि बुटांशिवाय कुणाला आत सोडू नका, सैल बाह्या आणि ओढण्या फिरत्या यंत्रापासून लांब. कुपवाड-मिरजेच्या एमआयडीसीत, पलूसला, जरा पुढे गेलात तर कोल्हापूरला शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्येही छोट्या मालकांना असली दोन हुशार पोरं चालतात, फक्त त्यांनी वेळेवर यावं आणि मध्येच गायब होऊ नये.

आणि सर, सुट्टीत तुम्हीही जा. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 मध्ये तुमच्याच जिल्ह्यात कारखाना उभारायच्या कितीतरी आधी मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये मेकॅनिकल ड्रॉइंग शिकवत होते. मास्तर आणि कारखानदार यांच्यात तेव्हा आजच्याएवढं अंतर नव्हतं. तुम्ही पंधरा दिवस एखाद्या मशीनशॉपमध्ये काढलेत, तर वर्गात बोलताना ते मुलांना ऐकू येईल.

आता परत आलेल्या तिघांबद्दल. 'परवडत नाही' हे त्यांचं म्हणणं खरं असणार, आणि त्याचा बंदोबस्त एका तासात करता आला असता. फळ्यावर 3 लाखांचं पॅकेज लिहा आणि पोरांना विचारा, महिन्याला हातात किती? सगळे 25,000 म्हणतील. मग मांडा. मूळ पगार समजा 12,500. कंपनीने भरायचा पीएफ 12 टक्के म्हणजे 1500, तो याच 25,000 मधला. ग्रॅच्युइटीसाठी मूळ पगाराच्या 4.81 टक्के, म्हणजे साधारण 600, तेही यातलेच. उरले 22,900. त्यातून मुलाचा स्वतःचा पीएफ 1500 आणि व्यवसाय कर 200 गेला की हातात येतात 21,200 च्या आसपास. फेब्रुवारीत व्यवसाय कर 300 कापतात, तेव्हा घरी फोन करून 'कंपनीने फसवलं' म्हणू नये. महाराष्ट्रात 25,000 पर्यंत पगार असलेल्या बायकांना हा कर नाही, मुलींना हे सांगा. पॅकेजात 'परफॉर्मन्स'चा वाटा घातलेला असेल तर तो वर्ष संपल्यावर, मिळाला तर. कॅन्टीन, बस, विम्याचा हप्ता याहून वेगळे. मग खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस, आणि पहिला पगार हाती पडेपर्यंतचा अख्खा महिना. या पहिल्या महिन्यासाठी घरून किती न्यावं लागेल ते पालकांनाच बोलावून सांगा. अनेक पोरं याच महिन्यात उसनवारीत अडकतात, आणि ती लाज घरी सांगता येत नाही.

पत्र कुणाच्या लेटरहेडवर आहे तेही बघायला शिकवा. गेटवर मोठ्या कंपनीची पाटी, बसवर तिचंच नाव, पण नेमणूक एखाद्या ठेकेदाराच्या पत्रावर, अकरा महिन्यांची, असं सर्रास चालतं. त्यात घेणं गुन्हा नाही, फक्त आपण कुठे आहोत ते माहीत हवं. ॲप्रेंटिस हा आणखी वेगळा प्रकार. 1961 च्या ॲप्रेंटिस कायद्यात 1973 च्या दुरुस्तीने पदवीधर इंजिनिअर आले. 2019 च्या नियमांनी त्यांचा किमान स्टायपेंड 9000 रुपये ठरवला. चालू आकडा नॅट्सच्या (सरकारच्या ॲप्रेंटिसशिप योजनेच्या) पोर्टलवर बघून मगच वर्गात सांगा. वर्ष संपल्यावर करारात तसं लिहिलेलं नसेल तर नोकरी द्यायचं बंधन कंपनीवर नसतं. तरीही चांगल्या ठिकाणची ॲप्रेंटिसशिप आणि फालतू ठिकाणची 'परमनंट' यांत मी डोळे झाकून पहिली निवडेन, फक्त घरची परिस्थिती तेवढं वर्ष काढण्यासारखी हवी.

मूळ गुणपत्रिका कुणाच्याही ताब्यात द्यायच्या नाहीत. नोकरीसाठी कुणी डिपॉझिट मागितलं तर उठून यायचं. ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा बॉण्ड असेल तर सही करण्याआधी रक्कम आणि मुदत दोन्ही वाचायच्या. बॉण्ड काय, कोर्टात टिकत नाहीत, असं हॉस्टेलवरचे वकील सांगतात, त्यांच्यावर जाऊ नका. मुलींना एवढं जास्तीचं: दहा किंवा त्याहून अधिक माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तिची माहिती दर्शनी भागात लावलेली असावी लागते. पहिल्या आठवड्यात ती पाटी शोधून त्यावरची नावं आणि फोन मोबाईलमध्ये घ्यायचे. याहून लहान जागी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

प्राचार्यांना फोटो लागतील, अहवाल लागेल. व्हर्नियर धरलेल्या मुलांचे फोटोही चांगले येतात.

राहिला तो मुलगा. त्याला आधी घरी जाऊन भेटा, फोनवर नको. त्याला बहुधा वाटत असेल की आता सगळीकडे आपलं नाव काळ्या यादीत गेलं. तसं काही नसतं. पण हे महिने लपवून 'घरीच होतो' सांगायचा सल्ला त्याला मित्र देतील, तो त्याने ऐकू नये. पीएफ कापला गेला असेल तर यूएएनवर (पीएफच्या कायम क्रमांकावर) त्या कंपनीचं नाव आणि तारखा आहेतच, पुढची कंपनी ते बघू शकते, आणि मग एका रीडिंगऐवजी दोन खोट्या गोष्टी खात्यावर जमा होतात. मुलाखतीत विचारलं तर त्याने सांगावं: "एका तासाचं रीडिंग मी घेतलं नव्हतं आणि अंदाजाने भरलं. ते पकडलं गेलं आणि मला काढलं. ते खोटं आहे हे मला तेव्हा कळलं नव्हतं, आता कळलंय." बोलताना त्याने सुपरवायझरला मध्ये आणू नये, खरोखर तो मध्ये असला तरी. दहापैकी सात जण त्याला नाही म्हणतील. उरलेल्या तिघांना असाच माणूस हवा असतो. मी त्या खुर्चीत बसायची तेव्हा मला हवा असायचा.

त्याला मोठ्या कंपन्यांच्या रांगेत पुन्हा उभं करण्याआधी कुपवाडच्या एखाद्या मशीनशॉपमध्ये वर्षभर तपासणीवर लावा. तिथे मालक स्वतः दिवसातून चार वेळा तक्ता बघतो आणि शिकवतोही. पगार कमी असेल, पण घरी राहून काम होईल. आणि दोन-तीन महिन्यांनी त्याची तयारी असेल तर त्याला तुमच्या वर्गात बोलवा, ट्रेनरच्या जागी. आदल्या दिवशी वर्गाला बजावून ठेवा की कुणी हसायचं नाही, मोबाईल बाहेर काढायचा नाही. तो नको म्हणाला तर दुसऱ्यांदा विचारू नका.